बेबाच्या नावचं ताट

१ एप्रिल १९९०, रविवार. मेहरूण, जळगाव.

ही डायरी अभिमनला जानेवारीत दुकानात कुठल्याशा बियाणंवाल्याने दिली. तीन महिने तिच्यावर चहाचे कप ठेवले जात होते. आज मी ती ताब्यात घेतली. मुलाला काय, हिशोब तोंडी करायची सवय. मी एकतीस वर्षं एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, उशीर का झाला, हे लिहिल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखा वाटत नाही.

रिटायर झाल्यावर हा अहवाल मी तोंडी देत असे. संध्याकाळी बायको, बेबा, भाजी निवडत बसायची, मी सांगायचो, ती "हं" म्हणायची. तिला जाऊन साडेचार महिने झाले. मधे सुनेला सांगून पाहिलं. प्रमिला गुणी आहे, पण ऐकताना प्रश्न विचारते. वही प्रश्न विचारत नाही.

आजची नोंद : ऊन बेचाळीस. नळ सकाळी ६.२०ला आला, ७.१५ला गेला. बाकी निरंक.

४ एप्रिल, बुधवार.

संध्याकाळी झुलालबरोबर तलावावर. झुलाल ड्रायव्हर होता, मी कंट्रोलर. धुळ्याच्या स्टँडवर मी शिट्टी मारायची आणि त्याने गाडी काढायची, असा आमचा संसार वीस वर्षं चालला. पुढे दोघांची जळगावला बदली झाली, तेव्हा मेहरूणला प्लॉटही शेजारी-शेजारी घेतले. मधे एकच भिंत. आमचं दोघांचं उत्तम. आमच्या बायकांचं मात्र १९८१च्या आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, बोलणं बंद होतं, ते बेबा जाईपर्यंत बंदच राहिलं. त्यावर आम्ही दोघं कधी चकार शब्द काढत नाही.

आज झुलालने विषय काढला तो मेल्यानंतर काय होतं याचा. त्याचं म्हणणं, माणूस वर्षभर घराच्या आसपासच असतं. मी विचारलं, पुरावा? तो म्हणाला, "गाडी निंघी गयी तरी धूळ घडीभर उडतच राहस ना, नाना?"

मी म्हटलं, धुळीला गाडी म्हणत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे. गाडी सुटली की सुटली. कुठे गेली ते सांगायला पलीकडच्या स्टँडवरून कुणाचा फोन आलेला नाही. झुलाल हसला आणि म्हणाला की लाइन खराब असेल.

घरी आलो तर प्रमिला म्हणाली, नाना, सत्तावीसला आखाजी आहे, या वर्षी आईंची घागर भरायची. म्हणजे वर्षात गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर पुजायची, उंबऱ्यावर एकेका पूर्वजाचं नाव घेत कुंकवाचं बोट ओढायचं आणि त्या माणसाच्या जागी कुणाला तरी जेवायला बसवायचं. पुरुष गेला असेल तर पुरुष. बेबा अहेव गेली, तेव्हा तिच्या जागी सवाष्ण लागणार. जो जेवतो तो त्या दिवशी मेलेलं माणूसच असतो. त्याच्या पाया पडतात, आणि शेवटी घरधनी हात जोडून विचारतो, "पोट भरलं का?" तो "भरलं" म्हणाला की झालं.

माझा यावर विश्वास नाही. पण करायचं तर नीट करायचं. उद्यापासून नियोजन.

९ एप्रिल, सोमवार.

सवाष्णीच्या अटी काढल्या :
वय पन्नासच्या पुढे. नवरा हयात (तपासून घेणे). बेबाशी ओळख असलेली. पोटभर जेवणारी. वेळेवर येणारी. आणि पोटभर जेवणारी.

प्रमिलाला यादी दाखवली. तिने शेवटच्या अटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही दोनदा का लिहिली? पाहिलं तर खरंच दोनदा लिहिली होती. ऊन फार आहे.

मंदाबाईंचं नाव पक्कं केलं. समोरच्या गल्लीत राहतात, बेबाबरोबर भजनाला जायच्या, अंगाने भरल्या आहेत.

११ एप्रिल, बुधवार.

शेवटची अट दोनदा का लिहिली ते मला माहीत आहे. ते इथे लिहून टाकतो. दुसरीकडे कुठे सांगण्यासारखं नाही.

नोव्हेंबरात बेबाच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, फक्त चमच्याने पाणी. मी कागदावर लिहून घेतलं आणि दवाखान्यातल्या पलंगाच्या डोक्याशी लावलं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "माले कळनानी भाकर पाह्यजे." कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. वर ठेचाही हवा म्हणाली. मी कागदाकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. मला हसू आलं. आजारी माणसाला काय एकेक डोहाळे लागतात, आणि लागून लागून कसले, तर कळण्याच्या भाकरीचे. बासुंदी मागितली असती तर समजलो असतो. मी तिला ऐकवलं की वेळापत्रक प्रवाशाच्या सोयीने बदलत नाही. ती "बरं" म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिने भाकरी मागितली नाही. मला वाटलं, समजूत पटली. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली.

डॉक्टर नंतर म्हणाले होते, दिली असती तरी काही फरक पडला नसता. म्हणजे देता आली असती. बेबा उपाशी गेली आणि मी तिला उपाशी ठेवलं, नियम दाखवून. अभिमनला हे माहीत नाही. झुलालला माहीत नाही.

मेल्यावर काही उरत नाही हे माझं मत कायम आहे. पण समजा उरत असेल, तर त्या उरलेल्याला भूक असेल. म्हणून सवाष्ण पोटभर जेवली पाहिजे आणि "भरलं" म्हणाली पाहिजे. एवढंच मला ऐकायचं आहे.

१५ एप्रिल, रविवार.

मंदाबाई रद्द. प्रमिला सहज त्यांच्याकडे जाऊन आली आणि सहज कळलं की त्यांना साखर निघाली आहे. आमरस बंद, पुरणपोळी बंद, भातही दोन घास. म्हणजे बेबा पुन्हा उपाशी. बरं झालं प्रमिलाने आधीच विचारलं.

मग कोण? प्रमिलाने थोडा विचार केला आणि म्हणाली, सुगंधाबाई. या झुलालच्या धाकट्या भावाच्या बायको, त्यांच्याच घरात मागच्या खोलीत राहतात. जेवण चांगलं आहे. अडचण एकच. दार एक, आणि त्या दारामागे सुगंधाबाईंच्या मोठ्या जाऊबाई, भिकुबाई. झुलालची बायको. त्याच त्या.

मी म्हटलं, दार त्यांनीच उघडलं तर? प्रमिला म्हणाली, "बुधवारी सकाळी त्या बाजारात जातात, नाना. दहाला जा. आणि आवतण घरधन्यानेच द्यायचं असतं, मी येणार नाही."

तिचं सगळं कसं पक्कं असतं. नियंत्रक झाली असती.

१८ एप्रिल, बुधवार. दुपारी.

घोटाळा झाला आहे. क्रमाने लिहितो.

सकाळी ९.५५ला आंघोळ करून, टोपी घालून, सुपारी घेऊन निघालो. वाक्य पाठ केलं होतं. दहाला दार वाजवलं. मित्राच्या घरच्या बायकांशी बोलताना मी खाली पाहूनच बोलतो. त्यातून जन्मभर माईकवर बोललो. समोर कोण आहे हे बघून कधी घोषणा केली नाही. कडी निघाली, लुगड्याचे काठ दिसले, मी सुरू केलं : सत्तावीस तारखेला आखाजीच्या दिवशी आमच्या बेबाच्या नावाने जेवायला यावं, तिचं ताट तुमच्या हाती आहे, नाही म्हणू नये. एका दमात. आणि सुपारी पुढे केली.

सुपारी कुणी घेतली नाही. मी वर पाहिलं. भिकुबाई उभ्या.

केवढा तरी वेळ गेला. घड्याळ पाहण्याचं भान मला राहिलं नाही, आणि हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

"कोनले आवतन दी राह्यनात भाऊ?" त्या म्हणाल्या. "माले?"

चुकलं, सुगंधाबाईंसाठी होतं, असं म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं. पण मेलेल्या माणसाच्या नावाने दिलेलं आवतण परत घेता येत नाही. ते त्या माणसाला दारातून हाकलल्यासारखं होतं. लहानपणी भडगावला माझ्या चुलत्याने असं आवतण फिरवलं, तर भाऊबंदांनी वर्षभर त्याच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. मी सुपारी तशीच पुढे धरली. त्यांनी हात पुढे करून ती घेतली.

"लिधी मी," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

घरी येऊन प्रमिलाला सांगितलं. सुगंधाबाई तर रविवारपासून लेकीकडे साक्रीला गेल्या आहेत म्हणे, आणि हे तिच्या लक्षातच राहिलं नाही म्हणे. बिचारीला एवढा धक्का बसला की पदर तोंडाला लावून आत निघून गेली, खांदे हलत होते. मी म्हटलं, रडू नको, चूक माझी आहे.

१९ एप्रिल, गुरुवार.

अभिमन चिडला. त्याचं म्हणणं, आईने जिचं तोंड नऊ वर्षं पाहिलं नाही तिलाच आईच्या पाटावर बसवायचं? तो पोटचा मुलगा, त्याला बोलायचा हक्क आहे.

हा अबोला कशावरून, ते लिहून ठेवतो. एका खापरावरून. आखाजीच्या पुरणपोळ्या आमच्याकडे मातीच्या खापरावर होतात, उलट्या मडक्यासारख्या खापरावर पोळी हाताने मोठी करत टाकायची. बेबाचं खापर तिच्या आईचं, साक्रीहून मांडीवर घेऊन आणलेलं. १९८१ला भिकुबाईंनी ते मागून नेलं आणि परत आलं ते तडा जाऊन. बेबा म्हणाली, तुझ्याकडे गेलं तेव्हा धड होतं. भिकुबाई म्हणाल्या, आलं तेव्हाच तडकलेलं होतं. झालं. त्याआधी दोघी दिवसभर एकमेकींच्या चुलीशी असायच्या.

नऊ वर्षं. मधे फक्त भिंत. त्या काळात दोघींना त्या भिंतीवर बसणाऱ्या मांजरीचा मात्र फार लळा लागला. भिकुबाई पलीकडून मांजरीला सांगायच्या, "मनी, दूध उतू जाई राह्यनं वं," आणि नेमकं आमचं दूध उतू जात असायचं. बेबा मांजरीला सांगायची की आज नळ लवकर जाणार आहे. मांजरीशी इतकं बोलणाऱ्या बायका मी पाहिल्या नाहीत.

बेबाला नेलं त्या दिवशी भिकुबाई आमच्या अंगणात आल्या नाहीत. गच्चीवर उभ्या होत्या. नंतर तेरा दिवस त्यांच्या घरातून फोडणीचा वास आला नाही. गॅस संपला असावा, तेव्हा टंचाई होती. झुलाल त्या दिवसांत स्टँडवरच्या कँटीनमध्ये जेवायचा.

२० एप्रिल, शुक्रवार.

झुलालशी तलावावर. आवतणाचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. निघताना मात्र तो म्हणाला की घरात परवापासून फार शांतता आहे, बायकोने त्याला दोन दिवसांत एकदाही टोकलेलं नाही, त्यामुळे त्याला करमत नाही.

२३ एप्रिल, सोमवार.

ऊन चव्वेचाळीस. केळीची पानं आणायला सांगितलं.

आज डोक्यात एकच : मेल्यावर माणूस राग बरोबर नेतं का? न्यायचं म्हटलं तर सामान फार होईल. पण बेबाचं सांगता येत नाही. ती राग सहसा धरत नसे, धरला तर मात्र नीट घडी घालून ठेवायची. तिच्या ताटावर तिची वैरीण बसली आणि त्या रागाने ती घासालाच शिवली नाही, तर? म्हणजे दुसऱ्यांदा उपाशी, आणि दुसऱ्यांदाही माझ्यामुळे. आधी नियम पाळला म्हणून. आता नीट पाहिलं नाही म्हणून.

प्रमिलाला विचारलं, तुला काय वाटतं, आई रागावतील? ती कुरडया डब्यात भरत होती. म्हणाली, "आई रागावल्या तर तुम्हाला कळेल ना, नाना. तुम्ही त्यांच्याबरोबर चौतीस वर्षं काढली. काय आवडतं, काय नाही, तुम्हाला सगळं ठाऊकच असेल."

मी म्हटलं, अर्थात.

२६ एप्रिल, गुरुवार.

कुंभाराकडून घागर आणली, वर ठेवायचं छोटं मडकं, डेरगंही. घागरीवर ठेवायला डांगर, म्हणजे खरबूज आणलं, पिवळंधमक, वास घरभर. आंबे आढीत पिकले आहेत. प्रमिलाने सांजोऱ्या केल्या, कुणाच्या मदतीने कोण जाणे, इतक्या सुबक तिच्या एकटीच्या होत नाहीत.

अभिमन अजून फुगलेला. उद्या दुकान बंद ठेवणार का विचारलं तर "पाहू" म्हणाला.

प्रमिलाने माळ्यावरून बेबाचं खापर काढलं. तडा तसाच आहे. बेबाने तो दर वर्षी राखेने आणि चिकणमातीने भरला आणि नऊ वर्षं त्याच्यावरच पोळ्या केल्या. मी दोनदा म्हटलं होतं, नवीन आणू. ऐकलं नाही.

वेळापत्रक : ९.०० घागरपूजन. ९.३० उंबरा. १०.०० आगारी. ११.०० ताट.

२७ एप्रिल, शुक्रवार. आखाजी. दुपारी ४.१०.

गल्लीत पोरी झोक्यावर गाणी म्हणत आहेत, पलीकडे पत्त्यांचे डाव रंगले आहेत. अभिमन तिकडे गेला. प्रमिला झोपली आहे. सकाळपासून काय झालं ते सगळं लिहितो.

घागर ठरल्या वेळी पुजली. उंबऱ्याशी बसलो. पणजोबा, आजोबा, आजी, वडील, आई, भडगावचा चुलता, एकेक नाव घेऊन कुंकवाचं बोट ओढत गेलो. शेवटी बेबाचं. रेघ वाकडी आली. प्रमिला म्हणाली, राहू द्या. अभिमन आला होता, मागे उभा होता. गोवरीच्या निखाऱ्यावर तुपाची आगारी टाकली, धूर सरळ वर गेला.

अकरा वाजले. भिकुबाई आल्या नाहीत. ११.०५. ११.१०. मी घड्याळ कानाला लावून पाहिलं. अकरा वाजून बारा मिनिटांनी आल्या. नवं नऊवारी, कपाळभर कुंकू, मान खाली. दारातून आत येताना पाय उंच उचलला, बोटांच्या रेघांना धक्का लागू दिला नाही.

पाटावर बसल्या. मी पाया पडलो. जिच्या नवऱ्याला मी शिट्टीवर नाचवलं तिच्या पाया पडताना मला काही वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. अभिमन पाया पडेना. प्रमिलाने त्याच्याकडे पाहिलं, मग पडला.

वाढलं : आमरस, खापराची पुरणपोळी, सार, भात, भजी, कुरडया, सांजोरी. भिकुबाई जेवू लागल्या. पोळी संपवली, रस संपवला, भात संपवला. मी प्रत्येक घास मोजत होतो. मनात म्हटलं, चला, ही बाई मान राखते आहे. त्यांनी ताट स्वच्छ केलं. मी पुढे झालो, हात जोडले आणि विचारलं, "पोट भरलं का?"

भिकुबाई म्हणाल्या, "नही."

अभिमन म्हणाला, झालं, हेच बाकी होतं. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं. परत नाही म्हणाल्या. प्रमिला आणखी पोळी आणायला उठली तर हाताने थांबवलं.

"बेबा गोड कधी खाये, भाऊ?" त्या म्हणाल्या. "तुमले बठ्ठासले वाढी दिधं का आम्ही दोन्ही चूल्हापान बठूत. कळनानी भाकर अन ठेचा. आखाजीले बी, दिवाळीले बी. तिनं जेवन तेच व्हतं. तिनी भाकर कुठे शे?"

मी खाली बसलो. चौतीस वर्षं. मी आधी जेवायचो, हात धुवायचो, स्टँडवर जायचो नाहीतर झोपायचो. ती मागून काय खाते हे मी कधी पाहिलं नाही. मला वाटायचं, जे आम्ही खाल्लं तेच. दवाखान्यात तिने डोहाळे मागितले नव्हते. तिने तिचं रोजचं जेवण मागितलं होतं.

मग मी सांगून टाकलं. सगळ्यांसमोर. तो कागद, ते तीन दिवस, तिचं "बरं" म्हणणं. अभिमन माझ्याकडे बघत राहिला. पण बाहेर निघून गेला नाही. भिकुबाईंनी सगळं ऐकलं. पाटावरून उठल्या नाहीत.

"मंग करा," म्हणाल्या.

प्रमिला पीठ मळायला निघाली. मी म्हटलं, मी करतो. कळण्याचं पीठ घरात कुठून असणार, असं मनात आलं, तर डबा परातीशेजारीच होता, आणि वरवंट्याखाली ठेचाही. योग जुळून यायचे असले की असे येतात.

मी जन्मात भाकरी केलेली नाही. गरम पाणी घातलं ते जास्त झालं, पीठ घातलं ते जास्त झालं. थापायला घेतली तर चारी बाजूंनी फाटू लागली. धुळे जिल्ह्याचा नकाशा झाला, तव्यावर टाकताना साक्री तालुका परातीतच राहिला. तो तुकडा मी वेगळा भाजला. वर पाणी लावलं, उलटली, एका बाजूने करपली. हात भाजला. कुणी हसलं नाही. अभिमन उठला आणि चिमटा माझ्या हातात दिला.

ती भाकरी आणि तिचा सुटलेला तुकडा, दोन्ही मी ताटात वाढलं. बाजूला ठेचा. भिकुबाईंनी चुरली, ठेचा लावला, आणि सावकाश खाल्ली. करपलेलंही खाल्लं. डोळ्यांतून पाणी येत होतं त्यांच्या; ठेचा तिखटच होता. ताटात कण ठेवला नाही.

मी हात जोडले. एकतीस वर्षं माईकवर सगळं स्टँड गाजवलं, आणि तीन शब्द निघेनात. त्यांनी माझ्या विचारण्याची वाट पाहिली नाही.

"भरनं," म्हणाल्या. "पोटभर जेवनी मी."

मला रडू आलं. मोठ्याने आलं. लपवलं नाही, इथेही लपवत नाही. अभिमन येऊन शेजारी बसला.

भिकुबाईंनी हात धुतले, मी साडी दिली, प्रमिलाने कुंकू लावलं. त्या निघाल्या. दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. खाली वाकल्या. इतक्या रेघांतून त्यांनी ती वाकडी रेघ बरोबर ओळखली.

"बेबा," त्या रेघेला म्हणाल्या. "खापर मनाच हाततून तडकनं व्हतं. खोटं मीच बोलनी. आते तरी बोल."

गल्लीतलं गाणं चालू होतं. मी उभा होतो. मेल्यावर काही उरत नाही हे माझं मत, आणि मी कान देऊन उभा होतो. अभिमनही, प्रमिलाही. आम्ही चौघं त्या उंबऱ्याकडे बघत थांबलो.

काही आलं नाही.

भिकुबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागावल्यासारख्या नव्हत्या. उलट मला वाटलं, त्यांना हेच अपेक्षित होतं.

"अशीच शे ती," म्हणाल्या. "लगेच बोलस का? सकायले परत येसू मी."

मी विचारलं, किती वाजता?

नळ गेल्यावर, म्हणाल्या. म्हणजे साडेसात धरायला हरकत नाही. उंबरा पुसायचा नाही असं प्रमिला उठली की सांगतो.